रविवार कुणी ठरवायचा?

प्रश्न थोडक्यात असा. लग्नाला दीड वर्ष झालंय. नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत जनरल शिफ्टला, सुट्टी रविवारी. बायको मिरजेत स्टाफ नर्स, सुट्टी ड्युटीलिस्ट सांगेल तेव्हा. दोघांचा मिळून मोकळा रविवार महिन्याकाठी एखाद-दुसरा, आणि त्या दिवशी कुठंतरी फिरायला जावंसं वाटतं. घर ख्रिस्ती, त्यामुळं सासरी रविवार म्हणजे चर्चमधली सकाळची भक्ती, मग मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, मीटिंगा, दुपारी पाहुणे. दोघं काही वेळा भक्ती चुकवून फिरायला गेले, घरी कळलं, धुसफूस झाली. रात्रीची घरची प्रार्थनाही बंद पडलीय. 'आमचा विश्वास थंड पडलाय का? फिरणं सोडून द्यावं का?' असं दोघांनी मिळून विचारलंय. आणि खाली तिनं एक ओळ घातलीय, 'चर्चमध्ये गेलं की बायका एकच विचारतात, त्यामुळं जायलाच नको वाटतं.'

सलाम.

आधी उत्तर देऊन टाकते, कारणं मागून. फिरणं सोडू नका. भक्तीही सोडू नका. पण शनिवारी रात्री गप्प बसायचं आणि रविवारी सकाळी 'जरा जाऊन येतो' म्हणून गाडी बाहेर काढायची, हे मात्र बंद करा. घरात धुसफूस झाली ती डोंगरावर गेलात म्हणून नव्हे, चोरून गेलात म्हणून.

मी आणि माझे यजमान (ते पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू होते, आता निवृत्त) या भागात लग्न ठरलेल्या मुलामुलींचे वर्ग बरीच वर्षं घेत आलोय. त्यांतलीच काही जोडपी वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा आमच्या दारात येतात, तोंडं पाडून. पैसा, सासू, माहेर ही भांडणं पुढची; पहिली ठिणगी पुष्कळदा रविवारची असते. सोमवार ते शनिवार कसा जाणार ते कारखाना नाहीतर मेट्रन ठरवते. तुमच्या हातात येणारा पहिला दिवस रविवार, आणि त्याच्यावर घरचे, मंडळीचे, पाहुण्यांचे हक्क आधीच लागलेले असतात. तेव्हा डोंगर की चर्च हा तुमचा प्रश्न नाहीच. तुमचा रविवार ठरवतं कोण, हा आहे.

बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातलं वचन तुमच्याही लग्नात वाचलं असेल: पुरुष आईबापांना सोडून आपल्या बायकोशी जडून राहील. आपल्याकडं त्याचा अर्थ वेगळा फ्लॅट घेणं असा लावतात आणि मग सासू-सासरे लग्नातच धास्तावतात. फ्लॅटशी त्याचा काही संबंध नाही. एका चुलीवर जेवूनही ते पाळता येतं, आणि विश्रामबागेत वेगळं बिऱ्हाड करूनही मोडता येतं. दोघांचं ठरणं आधी व्हावं आणि बाकीच्यांना ते नंतर कळावं, एवढा क्रम सांभाळला की झालं. तुमच्या घरी ठरवतात पप्पा, तुम्ही दोघं पळवाट काढता, आणि मग अपराधी वाटतं ते थेट देवासमोर. देवानं यात काय केलंय?

आणखी एक वचन आहे, ते लग्नात कुणी वाचत नाही. बायबलमधलंच 'अनुवाद' नावाचं पुस्तक, 24:5. ज्याचं नवीन लग्न झालंय त्यानं वर्षभर लढाईवर जायचं नाही, त्याच्यावर दुसरं कामही लादायचं नाही, त्यानं घरी राहून बायकोला आनंदी ठेवायचं. नियमशास्त्रात हे आहे! लढाईतून सूट मिळते तिथं आपल्या मंडळीत लग्नानंतर महिन्याभरात पोराला तरुण संघाचा सेक्रेटरी करतात आणि सुनेला महिला मंडळात घालतात. दोघंही 'नाही' म्हणायला घाबरतात. तुमचं वर्ष होऊन गेलंय खरं, पण ते तुम्हाला मिळालंच नव्हतं असं दिसतं, तेव्हा थोडी वसुली करायला हरकत नाही.

आता घरी सांगायचं कसं. नवऱ्यानं सांगायचं, कारण आईवडील त्याचे आहेत. सुनेनं सांगितलं की 'तिनं त्याला फिरवला' होतं. ड्युटीलिस्ट लागली की त्याच दिवशी दोघांनी बसून दोघांचा मोकळा रविवार शोधायचा आणि आठवड्याच्या मध्यावर घरी बोलायचं. शनिवारी रात्री नको, तोवर आईंनी मटणाचा बेत ठरवलेला असतो. बोलणं असं: 'आई, येत्या रविवारी आम्ही सकाळच्या भक्तीला तुमच्याबरोबर येतो, तिथनं परस्पर दंडोबाच्या डोंगरावर जातो, दिवेलागणीला घरी. त्याच्या पुढच्या रविवारी हिची ड्युटी आहे, मी दिवसभर घरीच आहे.' यात परवानगी नाही, माफीही नाही. नुसतं कळवणं आहे, आणि त्यांच्या वाट्याचा रविवारही त्यात आहे. पहिल्यांदा पप्पा पेपरातनं डोकं वर काढणार नाहीत. काढू देत नाहीतर न काढू देत. दोन-तीन महिने सांगितल्याप्रमाणं वागलात की त्याची सवय होते.

ड्युटीमुळं भक्ती चुकते याचं ओझं मात्र मुळीच घेऊ नका. मिरजेत तरी घेऊ नका. 1894 साली डॉ. विल्यम वान्लेस यांनी इथं मिशनचं हॉस्पिटल उभं केलं, सांगलीजवळची वान्लेसवाडी त्यांच्याच नावाची. तेव्हापासून या गावात विश्वासू माणसं रविवारी सकाळी वॉर्डात उभी आहेत. लूकच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षं वाकून चालणाऱ्या बाईला येशूनं शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या, दिवशी सरळ उभं केलं, तेव्हा सभास्थानाचा अधिकारी लोकांना म्हणाला, कामाचे सहा दिवस आहेत की, तेव्हा येऊन बरे व्हा. त्याला येशूनं काय ऐकवलं ते काढून वाचा. बैलाला, गाढवाला शब्बाथाच्या दिवशी दावणीतून सोडून पाण्यावर नेता, आणि हिला सोडवायचं नाही? रविवारी सकाळी सलाईन लावणाऱ्या मुलीला मंडळीत कुणी नाक मुरडलं तर हा अध्याय तिथंच उघडायचा.

पण ड्युटीची रजा वेगळी आणि 'आज कंटाळा आलाय'ची वेगळी, हे तुम्हालाही कळतं. सकाळची भक्ती चुकली तर सांगली-मिरजेत कुठं ना कुठं संध्याकाळची भक्ती किंवा कुणाच्या घरी प्रार्थनासभा असतेच, विचारून ठेवा. नाईट करून आलेल्या बाईनं सकाळच्या भक्तीत पहिल्या बाकावर पेंगण्यापेक्षा घरी झोपून संध्याकाळच्या भक्तीला बसावं, असं माझं स्वच्छ मत आहे. यजमानांचंही तेच. उपदेश करताना समोर पेंगणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिलीयत.

घरच्या प्रार्थनेकडं वळते, कारण खरी गळती तिथं आहे. तुमच्या घरची प्रार्थना रात्री साडेनऊला, एक गीत, एक अध्याय, पप्पांची लांब प्रार्थना. तुम्ही इव्हनिंग करून नऊनंतर घरी पोचता, अंगावरचे कपडे बदलायचे, जेवायचं, आणि नाईट असेल तर तेव्हा तुम्ही घरातच नसता. अशा घरात ती प्रार्थना टिकली असती तरच नवल. ती घरची प्रार्थना आहे, चालू राहू दे, जमेल तेव्हा बसा. पण ती तुमच्या दोघांची नव्हे. दोघांची वेगळी लागते आणि ती तुमच्या वेळापत्रकाच्या मापाची लागते.

नाईट संपवून तुम्ही सकाळी घरी येता तेव्हा तो निघायच्या तयारीत असतो. ओट्यावर त्याचा डबा झाकण उघडं ठेवून निवत असतो, गॅसवर दोघांचा चहा. तुमचे पाय सुजलेले, त्याचं एक लक्ष घड्याळाकडं. ही तुमची वेळ. चहा ओतला की बसायचं, मोबाईल उलटा ठेवायचा. दोघांनी एकेक गोष्ट सांगायची जिच्याबद्दल देवाचे आभार मानायचेत, आणि ती नाव घेऊन. 'सर्व आशीर्वादांबद्दल' हे चालणार नाही. 'सात नंबरच्या आजींचा ताप उतरला', 'सुपरवायझर काल ओरडला नाही', असं. मग एकेक काळजी. मग दोघांनी मिळून प्रभूची प्रार्थना, आणि चहा प्यायचा. चार-पाच मिनिटांच्या वर हे जात नाही. इव्हनिंगच्या आठवड्यात हेच रात्री गच्चीवर करा, मॉर्निंगच्या आठवड्यात संध्याकाळी त्याला दारातनं आत येऊ दे, मग करा.

याला माझी एकच अट आहे आणि ती मी वर्गात फळ्यावर लिहिते: प्रार्थनेत एकमेकांना सुनवायचं नाही. 'हे प्रभू, माझ्या पतीला घरी लवकर येण्याची सद्बुद्धी दे.' 'हे देवा, हिला माझ्या आईशी गोड बोलायला शिकव.' हसू नका, निम्म्या घरांत हे चालतं, डोळे मिटून. ही प्रार्थना नव्हे, देवाच्या पत्त्यावर पाठवलेली तक्रार आहे, आणि समोरचा ती ऐकत असतो. तक्रार असेल तर डोळे उघडे ठेवून, नावानं हाक मारून करा. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात नवऱ्यांना सांगितलंय की बायकोला मान देऊन वागा, नाहीतर तुमच्या प्रार्थनांना अडथळा येईल. म्हणजे घरातलं वागणं बिघडलं की प्रार्थना अडते. आपण उलटं समजतो, प्रार्थना नीट झाली की वागणं आपोआप सुधारेल.

जाता जाता, करिंथकरांस पहिल्या पत्राचा सातवा अध्यायही दोघांनी एकत्र वाचा. प्रार्थनेसाठी नवरा-बायकोनं काही काळ वेगळं राहायचं असेल तर तेही दोघांच्या संमतीनं, आणि पुन्हा एकत्र यावं, असं पौल तिथं म्हणतो. शिफ्टा, पातळ भिंती आणि शेजारच्या खोलीत सासू-सासरे, यात दोघांना एकांत मिळत नाही, हे तुम्ही लिहिलं नाही तरी मला कळतं. दुपारी घर रिकामं असतं अशी एखादी सुट्टी जुळली तर त्या दिवशी कुठंच फिरायला जाऊ नका.

फिरण्याबद्दल आता. तरुण जोडप्यांचा घोळ असा होतो की महिन्यातला एकच रविवार मिळतो म्हणून त्यात सगळं कोंबायचं. पहाटे उठून सांगलीहून कासचं पठार, वाटेत ठोसेघर, येताना साताऱ्याचे कंदी पेढे, आणि रात्री अकराला घरी. जाताना तीन तास, येताना तीन तास, सोमवारी दोघंही चिडचिडे. कासची फुलं बघायचीत तर सप्टेंबरात, आधी बुकिंग करून, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी. शनिवार-रविवारी तिथं फुलांपेक्षा माणसं जास्त. तुमची सुट्टी मंगळवार-बुधवारी येत असेल तर त्यानं एक रजा टाकावी. रजा आजारपणासाठीच राखून ठेवायची असा काही नियम नाही.

महिन्याच्या त्या एका रविवारी जवळचं गाठा. हरिपूरचा संगम आहे, कृष्णा आणि वारणा मिळतात तिथं, वाटेवर मोठी झाडं आहेत. पावसाळ्यात पाणी चढलेलं असताना मात्र नको. 2019चा महापूर ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय सांगायचं. दंडोबाचा डोंगर मिरज-पंढरपूर रस्त्यावर भोसे गावाजवळ, भक्ती संपवून निघालात तरी दुपार हाताशी राहते. हिवाळ्यात सागरेश्वर अभयारण्य करा, दीड-एक तासाचं अंतर. बोडक्या डोंगरांवर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं ते जंगल आहे, धों. म. मोहित्यांनी त्यासाठी आयुष्य घातलं. येताना देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. भडंग आणि पाण्याच्या बाटल्या घरून न्या. आणि नाईट करून आलेल्या बायकोला त्याच दिवशी गाडीवर मागं बसवून लांब न्यायचं नाही. मागं बसल्या बसल्या डोळा लागतो, हात सुटतो. अपघात विभागात काम करणाऱ्या मुलीला मी हे सांगतेय, पण स्वतःच्या गाडीवर बसताना तेच विसरायला होतं.

आणखी एक प्रश्न तरुण मुलं हमखास विचारतात, तुम्हीही कधीतरी विचाराल. आपल्याकडची निम्मी फिरायची ठिकाणं म्हणजे देवस्थानं. दंडोबाला लेणं आहे, सागरेश्वरला देवळं आहेत, हरिपूरला संगमेश्वर. आपण जायचं का? मंडळीतली काही वडीलधारी माणसं 'नको' म्हणतील. माझं मत वेगळं आहे. जायचं, चप्पल बाहेर काढायची, आवाज खाली ठेवायचा, फोटोसाठी वेडेवाकडे उभं राहायचं नाही. पूजा आपली नाही, म्हणून ती करायची नाही, आणि न करण्याचं प्रदर्शनही मांडायचं नाही. प्रसादाचं विचाराल तर पहिल्या करिंथकरांचे आठ ते दहा अध्याय दोघांनी वाचून आपलं आपण ठरवा. पौलानं तिथं खाण्यापेक्षा शेजाऱ्याच्या मनाचा विचार जास्त केलाय. तुमच्या कारखान्यातला मित्र डोंगरावर हातावर खडीसाखर ठेवतो तेव्हा तो तुम्हाला बाटवत नसतो, सोबत घेत असतो. नको असेल तर हसून, हात जोडून नको म्हणता येतं.

आता ती खालची ओळ. मला वाटतं तुमचं अर्धं फिरणं त्या ओळीतनं निघालंय.

दीड वर्ष झालं, 'गोड बातमी' कधी, असं भक्ती संपल्यावर दारात विचारतात. एक मावशी पोटाकडं बघून विचारतात, दुसऱ्या 'आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतोय' म्हणतात, न मागता. डोंगरावर असं कुणी विचारत नाही. तेव्हा तुम्हाला भक्ती नकोशी झालेली नाही, भक्तीनंतरची दहा मिनिटं नकोशी झालीयत. दोन्हींत फरक आहे, आणि हा फरक नवऱ्याला कळलाय का ते मला शंकाच आहे, कारण पुरुष तेव्हा बाहेर गाड्यांपाशी उभे असतात. आधी त्याला सांगा, नुसतं 'बायका बोलतात' असं नव्हे, कोण काय बोललं ते शब्दन् शब्द. मग शेवटचा आशीर्वाद झाला की त्यानं गाड्यांपाशी न जाता तुमच्या शेजारी येऊन उभं राहायचं. एवढ्यानंही पुष्कळ तोंडं बंद होतात. विचारलंच तर तुम्ही उत्तर तयार ठेवा, थोडक्यात आणि गोड आवाजात: 'मावशी, ते आम्हा दोघांचं आहे, सांगण्यासारखं झालं की सांगू.' आणि लगेच त्यांच्या गुडघ्याचं विचारा. गुडघ्याचं विचारल्यावर कुठलीही मावशी दुसरं काही बोलत नाही.

यात खरंच काही काळजी असेल तर ती चर्चच्या दारात नको, डॉक्टरांच्या खोलीत न्या, आणि दोघांनी मिळून जा. तपासण्या दोघांच्याही असतात हे नर्सला मी सांगायला नको, पण घरच्यांना सांगावं लागतं. पाळकबाईंशी एकदा मोकळं बोललात तर महिला मंडळात त्या न बोलता पुष्कळ काही थांबवू शकतात. मी थांबवलंय.

विश्वास थंड पडलाय का, यावर मी निकाल देणार नाही. आणि दोघांचा विश्वास एका पट्टीत मोजायला जाऊ नका. टिळकांचं घर आठवा. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, त्यांची बायको लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग परत आल्या, आणि आपल्या वेळेला, आपल्या समजुतीनं विश्वासात आल्या. पुढं टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला तेव्हा घरखर्चाची जुळवाजुळव कुणी केली असेल, ते संसार केलेल्या बाईला सांगावं लागत नाही. तुमच्या दोघांत एकाला गीतं गायला आवडत असतील आणि दुसऱ्याला नुसतं गप्प बसायला, तर तो दोष नाही. दंडोबावर झाडाखाली बसून तो शिट्टीवर चाल वाजवेल, तुम्ही डोळे मिटून पडाल. चालतं.

व्हॉट्सअॅप स्टेटसचं एवढंच सांगते की भक्तीच्या वेळेत डोंगरावरचा फोटो टाकू नका. रात्री टाका. लपवायचं म्हणून नव्हे, सासूबाईंना शेजारचं कुणी मोबाईल दाखवत असताना पाहावं लागू नये म्हणून. त्यांना फोटो आधी तुम्ही दाखवा. आणि कधीतरी त्यांनाही गाडीवर घेऊन हरिपूरपर्यंत जा, पप्पा चालत येतील तर येतील.

राहता राहिला नाताळ. तो आधीच ठरवा, नाहीतर डिसेंबरची लिस्ट लागल्यावर चोवीसची नाईट वाट्याला येईल आणि घरात पुन्हा तेच होईल. दिवाळीत तुम्ही होऊन ड्युटी मागून घ्या. ज्या मैत्रिणींना घरी लक्ष्मीपूजन करायचंय त्यांच्या जागी उभ्या राहा आणि तेव्हाच त्यांच्याशी बोलून ठेवा, की चोवीसची रात्र आणि पंचवीसची सकाळ तुम्हाला सुट्टी, बदल्यात एकतीसची नाईट तुम्ही कराल. इन्चार्ज सिस्टरांना हे दिवाळीआधी कळलेलं असलं म्हणजे त्या लिस्ट तशीच लावतात.